अर्ध्या मिलिमीटरची चकती

सादडपाडा, ता. धडगाव
१२ जानेवारी २०२५

शब्बीरचाचा, सलाम.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि आमच्या पाड्यावर फोन लागत नाही, म्हणून पत्र लिहिते आहे. करणसिंगदादाची जीप बाजाराच्या दिवशी शहाद्याला येते. तो स्टुडिओत आणून देईल. उत्तर त्याच्याच हाती द्या.

कॉलेजची तीन वर्षं तुमच्याकडे पासपोर्ट फोटो काढले, कापले. आज त्याच हक्कानं मागणं मागते आहे.

आमच्या पाड्यातल्या चौदा घरांचे वनहक्काचे दावे फेटाळले गेले. २००५ च्या आधीपासून आम्ही ती जमीन कसतो, हे दाखवायचं होतं. पुरावा आहे. डोंगराच्या उतारावर शेताची माती अडवणाऱ्या दगडी पाळी आहेत, जुन्या घरांची जोती आहेत, पूर्वजांचे दगड आहेत. मी मोबाईलवर फोटो काढून दिले. समिती म्हणाली, हे दगड कुठल्याही डोंगरावरचे असू शकतात. सांगणारा माणूस आणि तो दाखवतो ती जागा एकाच फोटोत हवी, मोठ्या आकारात, स्पष्ट. चाचा, मला यात त्यांचं काही चुकलं असं वाटत नाही. माझा मोबाईल जुना, फोटो मोठा केला की दगडांऐवजी नुसतं शेवाळासारखं दिसतं.

सांगणारा माणूस एकच उरला आहे. माझ्या बाबांचे काका, खात्याबाबा. वय नव्वदीच्या पुढे. कुठली पाळ कोणी रचली, कुठला दगड कोणाचा, हे आता फक्त त्यांच्या डोक्यात आहे. अपिलाची सुनावणी २२ एप्रिलला आहे. ती शेवटची.

मी ज्या संस्थेत काम करते तिथे एक डिजिटल कॅमेरा पडून आहे, बिनआरशाचा, मिररलेस म्हणतात तो. पण त्याची लेन्स पडून जाम झाली. तुमच्या कपाटात तुमच्या अब्बांच्या रशियन झोर्की कॅमेऱ्याची लेन्स आहे ना? ती याला लावता येईल का?

घरात पदवी घेतलेली मी पहिली. लोक कागद घेऊन येतात आणि माझ्या तोंडाकडे बघत बसतात. मला हे नीट करायचं आहे.

तुमची,
जागृती


शहादा
२७ जानेवारी २०२५

जागृती बेटी, खूप दुवा.

तू गेली तेव्हापासून आपल्या स्टुडिओत सगळ्या गावाचे कान वाकडे यायला लागले. गिऱ्हाईक म्हणतं, "चाचा, ती पोरगी कोठे गई? ती डोकं धरीसन सरळ करे." मी सांगतो, ती आता डोंगर सरळ करायला गेली.

लेन्स आहे. पन्नास एमएमची. अब्बा गेल्यावर मी तिच्यावर तीनशे लग्नं काढली. फोकसची मोटार नाही, काही नाही. कडी हातानं फिरवायची, अंतराचे आकडे तिच्यावर कोरलेले.

लागेल. का लागेल ते ऐक. झोर्कीत आरसा नाही, म्हणून तिची लेन्स फिल्मच्या अगदी जवळ बसते. तुझ्या कॅमेऱ्यातही आरसा नाही, तो तर तिच्याहून पातळ. मधे जेवढी फट उरते तेवढ्या जाडीची कडी बसवायची, झालं. लेन्सच्या बसण्याच्या जागेपासून फिल्मपर्यंत अठ्ठावीस पूर्णांक आठ मिलिमीटर. हा आकडा अब्बांनी माझ्याकडून नमाजच्या दुआसारखा पाठ करून घेतला होता. तेवढं अंतर राखलं की लेन्सला कळतही नाही आपण दुसऱ्या घरी आलो.

कडी तयार मिळते. सून अकिलानं मोबाईलवरून मागवली आहे. तू कॅमेरा पाठव. लेन्समध्ये बुरशीचं जाळं धरलं आहे, ते मी साफ करतो.

तुझ्या खात्याबाबांना सांग, थोडं थांबा. चांगला फोटोग्राफर उशीर करतोच.

शब्बीर


सादडपाडा
८ फेब्रुवारी २०२५

चाचा, सलाम.

कॅमेरा करणसिंगदादाच्या हाती दिला आहे. लुगड्यात गुंडाळून, वर गोधडी. दादा म्हणाला, "यात कॅमेरा आहे की नवरी?"

बॅटरी एकच आहे. पाड्यावर वीज नाही, एक सोलर दिवा आहे, त्यावर ही भरत नाही. धडगावला भरून आणावी लागते. त्यामुळे स्क्रीन किती वेळ चालेल, काळजी वाटते.

घरात दोन तट पडले आहेत. माझ्या धाकट्या भावानं, जगदीशनं, गुजरातेत ऊसतोडीला जाऊन नवा मोबाईल घेतला आहे. होळीला तो घरी येईल. धडगावहून फोन केला तर म्हणतो, "ताई, धड एकाचं, डोळा दुसऱ्याचा. असलं जनावर कधी जगलंय का? माझ्या मोबाईलवर काढ ना." मी त्याला म्हटलं, मोबाईलनं एकदा हरलो, परत नाही.

खात्याबाबांना मी लेन्स नसलेला कॅमेरा दाखवला होता. त्यांनी भोकात बघितलं. आमच्या पावरी बोलीत म्हणाले, "याला डोळा नाही. मग हा बघणार कशानं?"

"डोळा शहाद्याहून येतोय."

"मग शहादाच दिसेल त्यात."

सगळे हसले. मीही हसले. पण चाचा, त्यांना आता उठवून बसवावं लागतं.

जागृती


शहादा
२६ फेब्रुवारी २०२५

जागृती बेटी,

मागच्या पत्राचं आणि याचं अक्षर वेगळं दिसेल. हात थरथरतो म्हणून मी सांगतो आहे, अकिला लिहिते आहे.

काम झालं. बुरशी निघाली. कडी बसली. पण एक खोट होती. कडीत लेन्स पूर्ण आवळली की तिचे आकडे खालच्या बाजूला जात होते, जमिनीकडे. तू तिथे उन्हात डोंगरावर उभी, आकडा बघायला दर वेळी कॅमेरा उलटा करणार का? मला ते पटलं नाही. लेन्स अर्धा फेरा आधीच थांबली तर आकडे बरोबर वर येतात. म्हणून मधे एक पितळी चकती टाकली. पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यात लोटन टर्नर आहे, त्यानं कातून दिली. मोठा वहमी, शंकेखोर माणूस. म्हणे, "चाचा, अर्धा मिलिमीटर म्हंजे आमनाकडे बहू व्हस. नक्की ना?" मी म्हटलं, "तू कात रे. तू मोळीचं यंत्र सांभाळ, लेन्स माले शिकाडू नको."

आता आकडे वर. जसे झोर्कीवर असायचे.

मी गच्चीवर जाऊन तपासलं. समोरची पाण्याची टाकी धरली. टाकीवरचं 'नगर परिषद' अक्षर न अक्षर वाचलं. साफ.

आता पद्धत. स्क्रीनच्या भानगडीत पडू नको. उन्हात त्यात काही दिसत नाही आणि बॅटरी खाते. लेन्सचं छिद्र, म्हणजे अपर्चर, अकरावर ठेव. फोकसच्या कडीवरची आडव्या इंग्रजी आठासारखी खूण, जिचा अर्थ 'दूरवर', ती अकराच्या रेषेवर आण आणि हात लावू नको. बाबांना दहा-बारा फुटांवर बसव. ते आणि मागचा डोंगर, दोन्ही साफ येतील. मी अशीच लग्नं काढली, नवरीपासून मांडवाच्या शेवटच्या म्हातारीपर्यंत.

आणि कॅमेऱ्याच्या मेनूत 'लेन्स नसताना शटर' असं आहे, ते चालू केलं आहे. या लेन्सला वायर नाही, कॅमेऱ्याला वाटतं आपल्याला डोळाच नाही. ते बंद केलं तर तो रुसून बसेल.

परवा-तेरवा रमजान लागेल. दुआ करतो.

शब्बीर


सादडपाडा
१८ मार्च २०२५

चाचा, सलाम.

झालं! फोटो झाले.

होळीला सगळे परत आले होते. गुजरातेतून, कारखान्यांवरून. चौदाही घरं भरली. होळीनंतर दोन दिवसांनी निघालो, कारण आठवड्यात पाडा परत रिकामा होणार होता.

खात्याबाबांना चालता येत नाही. आजारी माणसाला डांबरी रस्त्यापर्यंत नेतो तशी बांबूची झोळी केली. चौघांनी खांद्यावर घेतलं. आमच्याकडे झोळी निघाली की बायका रडायला लागतात, कारण ती दवाखान्याकडे जाते आणि पुष्कळदा परत येत नाही. या वेळी ती वर, शेताकडे निघाली. बाबा झोळीतून ओरडत होते, "रडू नका गं, मी शेतावर चाललोय!"

दोन दिवस, बारा जागा. प्रत्येक ठिकाणी त्यांना दगडावर बसवलं. ते बोट करून सांगायचे, मी वहीत लिहायचे. "ती खालून तिसरी पाळ माझ्या बापाची. तिच्या टोकाला वाकडा मोह आहे, त्याच्याखाली माझी पहिली बायको." मग मी म्हणायचे, बाबा, हात तसाच ठेवा. हात थरथरायचा. धुडकूकाका मागून कोपर धरायचे, फोटोत येणार नाहीत असे वाकून.

दहाव्या जागी ते थकले. म्हणाले, "पोरी, किती वेळा दाखवू?"

म्हटलं, "अजून दोनदा. मग कोणी विचारणार नाही."

जगदीश सारखा मोबाईल काढत होता. त्याचा मोबाईल बघितला की बाबा तिकडेच बघायचे आणि बोट खाली यायचं. मी सगळ्यांसमोर त्याला रागावले, "ठेव तो खिशात. एकच कॅमेरा चालेल." तो मोबाईल खिशात ठेवून झोळीचा बांबू धरून उभा राहिला.

तुम्ही सांगितलं तसंच केलं. अकरा, खूण रेषेवर, हात लावला नाही. स्क्रीन बंद. शेवटी बॅटरी संपत आली तेव्हा दोन फोटो उघडून बघितले. स्टुडिओत तुम्ही शिकवलं होतं, डोळे साफ तर फोटो साफ. बाबांचे डोळे मोठे करून बघितले. पापणीचा केस न केस दिसतो, चाचा. बुबुळात मी दिसते, कॅमेरा धरलेली.

जागृती


सादडपाडा
२७ मार्च २०२५

चाचा,

खात्याबाबा परवा गेले. झोपेत. त्या दोन दिवसांनी त्यांना थकवलं, असं आई म्हणते. मला म्हणत नाही, चुलीला सांगते.

त्यांना वर, वाकड्या मोहाजवळ पुरायचं होतं. दावा नामंजूर असताना तिथे खणायला लोक घाबरले. खाली ओढ्याजवळ पुरलं.

जगदीश आणि बाकीचे परत कामाला गेले. पाड्यावर म्हातारे आहेत, पोरं आहेत आणि मी.

फोटो आहेत, एवढंच मनाला सांगते आहे.

जागृती


शहादा
३ एप्रिल २०२५

जागृती बेटी,

ईदच्या दुसऱ्या दिवशी तुझं पत्र वाचलं. शीरखुर्मा तसाच राहिला.

मी त्यांना पाहिलं नाही, पण महिनाभर त्यांच्याचसाठी लेन्स पुसत होतो. कोणाला तरी बारा वेळा नीट दाखवून जाणं, हे किती माणसांच्या नशिबी येतं? तू मनाला लावून घेऊ नको.

कार्ड घेऊन ये. बारा बाय अठराच्या प्रिंट काढू. कागद चांगला ठेवला आहे. कोणी बोट ठेवू शकणार नाही असे फोटो देऊ.

शब्बीर


सादडपाडा
१३ एप्रिल २०२५

अकिलाभाभी, सलाम.

हे पत्र फक्त तुमच्यासाठी. चाचांना वाचून दाखवू नका.

परवा मी आले, तुम्ही मुलीला घेऊन माहेरी, खांडबाऱ्याला गेला होतात. कॉम्प्युटर मीच लावला. पहिला फोटो उघडला. बाबा समोर आले, सुरकुत्यांतली धूळसुद्धा दिसत होती. बोटाचं नख फुटलेलं दिसत होतं. आणि बोटाच्या पुढे काही नव्हतं, भाभी. हिरवट-तपकिरी धुकं. डोंगर आहे एवढं कळतं. पाळ नाही, मोह नाही, दगड नाही. बाराही तसेच. बाबांच्या पाठीमागे पाच पावलांवर जग संपतं.

 चाचा आले. म्हणाले, "काढ, काढ, प्रिंट काढ." पहिली प्रिंट निघाली. त्यांनी ती नाकाला लावली, मग लांब धरली, मग पंख्याखाली नेली. म्हणाले, "वा! बघ डोंगर कसा आलाय! एकेक दगड मोजून घे."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. मग पाणी प्यायच्या निमित्तानं गच्चीवर गेले. पाण्याची टाकी समोर आहे. भाभी, तिच्यावर एक अक्षर नाही. सगळी निळ्या रंगानं रंगवलेली आहे.

खाली येऊन बाराही प्रिंट काढल्या. "छान आल्यात" म्हणाले आणि निघाले. जीपमध्ये त्या मांडीवर उलट्या ठेवल्या होत्या.

किती दिवसांपासून त्यांना दिसत नाही?

जागृती


शहादा
१६ एप्रिल २०२५

जागृती, प्यारी बहन,

तू विचारलं, मी खोटं लिहिणार नाही. दीड वर्ष झालं. काचबिंदू आहे. डॉक्टर म्हणाले, जे गेलं ते परत येत नाही, उरलेलं सांभाळा. अब्बूंनी कोणाला सांगू दिलं नाही. फोटोग्राफरला दिसत नाही हे कळलं तर शटर ओढून घ्यावं लागेल, म्हणाले. पासपोर्ट फोटो मीच काढते. ते खुर्चीत बसून "हनुवटी वर" म्हणतात. लोकांना वाटतं तेच काढतात.

हात थरथरतो हे खोटं. हात अजून दगडासारखा स्थिर आहे.

टाकी मागच्या वर्षी रंगवली. त्या दिवशी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. कॅमेरा डोळ्याला लावायची खिडकी त्याला नाही, स्क्रीनच आहे, ती नाकाला लावून ते बघत होते. मोठ्यानं म्हणाले, "नगर परिषद." मला वाटलं, जुनं काही आठवलं असेल. मी चिमटा तोंडात धरून तशीच उभी राहिले. एक शब्द बोलले असते तर.

ते पत्र सांगत होते तेव्हा "टाकीवरचं अक्षर वाचलं" हेही मीच लिहिलं. माझ्याच हातानं. लिहिताना थांबले होते. म्हातारा माणूस खूश होता. दीड वर्षात पहिल्यांदा कोणी त्याच्याकडे काम आणलं होतं.

तुझ्या चौदा घरांसमोर ही काही सबब नाही. तरी मागते, त्यांना सांगू नको. हे कळलं तर ते परत खुर्चीत बसणार नाहीत.

अकिला


सादडपाडा
२५ एप्रिल २०२५

चाचा, सलाम.

सुनावणी झाली. दावे मंजूर झाले नाहीत. पण त्यात फोटोंचा काही संबंध नाही. साहेबांनी फोटो हातात घेऊन पुष्कळ वेळ बघितले. इतके स्पष्ट फोटो क्वचित येतात, म्हणाले. कागदांमध्ये दुसरी एक अडचण निघाली. ती तुम्हाला सांगून उपयोग नाही, माझीच चूक होती.

लेन्स आणि कॅमेरा चांगले आहेत. लेन्स पुढच्या फेरीला पाठवते. तुमच्या कष्टाबद्दल पाड्यातले सगळे तुमची आठवण काढतात. सगळं छान झालं होतं.

तब्येतीला जपा.

जागृती


शहादा
६ मे २०२५

जागृती बेटी

हे मी स्वतः लिहितो आहे ओळी एकमेकीवर चढतील तू लावून घे

तीन वर्षं तू माझ्या हाताखाली होती. तीन वर्षांत एक फोटो तू "छान" म्हटला नाही. चाचा, याची कॉलर वाकडी. चाचा, हिची टिकली कापली गेली. आणि आता पत्रात एकदा स्पष्ट, एकदा छान. ते वाचताना अकिलाचा आवाज बदलला. मला ऐकायला कमी येतं, पण एवढं येतं.

मग मी लोटनला बोलावलं. त्याला विचारलं, त्या चकतीचं माप सांग. म्हणाला, "अर्धा मिलिमीटर, चाचा. मी तुमले तव्हयच सांगं व्हतं." मी रात्र न रात्र जो आकडा पाठ केला, अठ्ठावीस पूर्णांक आठ, त्याच्यात मी अर्धा मिलिमीटर घातला. का, तर आकडे वर यावेत. माझे अब्बा असते तर कानफटात मारली असती. पन्नास एमएमच्या लेन्सला अर्धा मिलिमीटर म्हणजे सोळा फुटांच्या पुढे सगळं बुडालं. हे मी कोणालाही झोपेत सांगितलं असतं. पण मला आकड्यांची जागा आठवली, आकडा आठवला नाही.

झोर्कीत एक गोष्ट असते. तिच्या खिडकीतून बघणाऱ्याला जग नेहमी साफ दिसतं. धूसर असलं तर ते फिल्मवर असतं, डोळ्याला कळत नाही. मी पन्नास वर्षं त्या खिडकीतून बघितलं. मग खिडकीही गेली आणि मी तरी म्हणत राहिलो, साफ आहे, साफ आहे.

मी माफी मागत नाही. चौदा घरांची माफी एक म्हातारा कशी मागेल.

काल बोर्ड उतरवला. अकिला रडली. मी नाही.

लेन्स परत पाठवू नको. तिला फिरवून काढ, चकती काढ, परत आवळ. आकडे खाली जातील, जाऊ दे. मग दूरचं साफ येईल. एकदा लावून बघ आणि मला लिही. खरं लिही.

शब्बीर


सादडपाडा
२१ मे २०२५

चाचा, सलाम.

खरं लिहिते.

साहेब चांगले होते. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, प्रिंट खिडकीजवळ नेली. मला विचारलं, "हे आजोबा कशाकडे बोट करतायत?" मी वहीतून वाचलं, खालून तिसरी पाळ, वाकडा मोह. त्यांनी परत बघितलं. म्हणाले, "ताई, तुम्ही खरं बोलताय असं मला वाटतं. पण मला दिसत नाही." मग दुसरी प्रिंट मागितली. बाराही बघितल्या. मग त्यांनी नामंजुरीवर सही केली. कोर्टात जा, म्हणाले. कोर्टात गेलं तरी दाखवणार काय? बाबांचा अंगठा असलेला जबाब आहे, पण त्यातली कुठली पाळ ती कुठली, हे जागेवर उभं राहून सांगणारं आता कोणी नाही.

चूक तुमची एकट्याची नाही. जगदीशनं मोबाईल काढला होता, तो मी खिशात ठेवायला लावला. त्याच्या मोबाईलवर बारापैकी एक जरी आला असता. मी फक्त बाबांचे डोळे मोठे करून बघितले, डोंगर बघितला नाही. पदवी घेतलेली बाई, तिला एकदा बोट सरकवून मागचा डोंगर बघता आला नाही.

त्या फोटोंवरून जागा सापडतात का, म्हणून मी प्रिंट घेऊन वर गेले होते. ज्या दगडांवर बाबा बसले होते ते दगड सापडले. प्रिंटमधल्या बोटाच्या रेषेत उभी राहिले. समोर पन्नास पाळी आहेत, चाचा. बोट त्यांतल्या सगळ्यांकडे जातं.

चौदापैकी बारा घरांत बाबांचा एकेक फोटो लावला आहे. लोक म्हणतात, किती खरे आलेत, आता बोलतील. हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. ते खरंच म्हणतात. आणि मग विचारतात, पुढे काय करायचं? मी त्यांच्या तोंडाकडे बघत बसते.

आमच्या उतारावर वनखात्याच्या रोपवनाचं काम सुरू झालं आहे. खड्डे खणायला मजूर लागतात. पावसाच्या तोंडावर बाहेर काम नाही, म्हणून जगदीश परत आला आहे आणि त्याच कामावर जातो.   काल संध्याकाळी पाय धुताना एवढंच म्हणाला, "ताई, पाळीतले दगड चांगले निघतात. बाजूला रचून ठेवतो."

तुम्ही सांगितलंत तशी चकती काढली. लेन्स आवळली, आकडे खाली गेले. बॅटरी भरून आणली आणि आज सकाळी पहिल्या जागी जाऊन एक फोटो काढला. प्रिंट धडगावला काढून सोबत पाठवते आहे. भाभी तुम्हाला सांगतील, पण मीही लिहिते, म्हणजे दोघींचं जुळतं का बघा.

सगळं साफ आलं आहे. वर टोकाला पळसाची तीन झाडं आहेत, त्यांची पानं वेगळी दिसतात. उतारावर खड्डे आहेत, ओळीनं, मोजता येतात. मी मोजले, एकशे बारा. मधल्या ओळीत माणूस वाकला आहे, डोक्याला लाल गमछा. तो जगदीश. त्याच्या पायाशी दगडांची रास आहे. वाकडा मोह डाव्या बाजूला आहे की उजव्या, मला ठरवता आलं नाही. वाकडे दोन आहेत.

पुढे, दहा फुटांवर, बाबा बसले होते तो दगड आहे. त्याच्यावर कोणी नाही.

तुमची,
जागृती